फिलर गेज खिशात घालून बंदुकीच्या दुकानात

मेहुण्याचा फोन सकाळी साडेसहाला आला की एकतर द्राक्षाला काहीतरी झालेलं असतं, नाहीतर त्याला काहीतरी विकत घ्यायचं असतं. २०२४ चा जानेवारी होता. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायचे दिवस, त्यामुळे मला वाटलं गारठ्याने मणी तडकले. रजईतूनच विचारलं, "किती बाग गेली?"

"बाग बरी आहे दाजी. तुम्हाला रिव्हॉल्वर बघायला यायचंय. जुनं आहे. नाशकातच, दुकानात ठेवलंय."

बायको बाजूलाच होती. तिला आवाज ऐकू गेला असावा, कारण ती उठून काही न बोलता गॅसकडे गेली. तिचं काही न बोलणं मी पस्तीस वर्षं ऐकतोय.

परवाना त्याला जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळून पाच-सहा महिने झाले होते. पोलीस चौकशी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सगळं रीतसर. कारण काय दिलं तर मळ्यात एकटं घर आणि हंगामात व्यापाऱ्याकडून येणारी रोकड. खरं कारण त्यात निम्मं असेल. उरलेलं निम्मं म्हणजे त्याच्या गावात तिघांच्या कमरेला आहे आणि ह्याच्या नाही. वर त्याने बिबट्याचंही काढलं, उसातून रात्री अंगणापर्यंत येतो म्हणे. त्यावर मात्र मी त्याला फोनवरच झापलं. बिबट्या हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, त्याच्यावर गोळी झाडलीस तर पुढचे पाच द्राक्ष हंगाम वकिलाच्या पायरीवर जातील. आणि अंधारात दोन-तीन इंची नळीने लागणार तरी काय? बॅटरी घे, फटाके घे.

आता मलाच का बोलावलं, ते. मी सातपूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तेहतीस वर्षं होतो, आधी टूलरूममध्ये, म्हणजे साचे-अवजारं बनवतात तिथे, आणि शेवटची बारा वर्षं इन्स्पेक्शनला. माझ्याकडे परवाना नाही, कधी मागितला नाही, घेणार नाही. पण वडील फौजेत आर्मरर होते, शेवटची नेमणूक देवळालीला. हत्यारं दुरुस्त करणं हेच त्यांचं काम. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे परवानाधारक त्यांना सल्ला विचारायला येत आणि मी शेजारी बसून ऐके. दारूगोळ्यातलं मला काही कळत नाही. एका पोलादी तुकड्यात दुसरा पोलादी तुकडा किती हलावा आणि किती हलू नये, एवढं कळतं. रिव्हॉल्वर म्हणजे शेवटी तेच आहे.

खिशात तीन वस्तू घेतल्या: फिलर गेज (बारीक फट मोजायच्या, ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा), छोटी टॉर्च आणि पांढऱ्या कागदाचा कपटा. बायको म्हणाली, "लग्नाची मुलगी बघायला जाताना एवढी तयारी केली नव्हती."

दुकानात विकायला आलेली जुनी रिव्हॉल्वरं दोन होती. दोन्ही बत्तीस बोरची (म्हणजे साधारण ०.३२ इंच व्यासाच्या गोळीची), दोन्ही कानपूरच्या सरकारी कारखान्यातली, दोन्ही लहान चणीची, तीन इंची नळीची, सहा गोळ्यांची. रचना जुन्या ब्रिटिश वेबलीच्या वळणाची: अंगठ्याने खटका दाबला की नळी बिजागरीवर पुढे मोडते आणि सिलिंडरची सहाही घरं उघडी पडतात. एक होतं चकचकीत, निळ्या-काळ्या रंगाचं, आरशासारखं. किंमत सांगितली पंच्याण्णव हजार. दुसरं मळकट, नळीच्या टोकाला आणि सिलिंडरच्या कडांना रंग उडून पांढरं पडलेलं, पंच्याहत्तर हजार. मेहुण्याचे डोळे कुठे गेले ते सांगायला नको.

दुकानदार म्हणाला, "दोन्ही रिकामी आहेत."

वडिलांचा एकच नियम घरात मंत्रासारखा होता: दुसऱ्याने रिकामं आहे असं सांगितलेलं हत्यार भरलेलंच समजायचं. मी त्यालाच उघडायला लावलं, सहाही घरांतून पलीकडचा उजेड बघितला, मग बोट फिरवलं. त्यानंतर हातात घेतलं.

आधी चकचकीत.

जुन्या हत्याराची किंमत करताना लोक पहिल्यांदा रंग बघतात, आणि फसतात ते तिथेच. मी टॉर्च समोरून मारली नाही. काउंटरला समांतर, अगदी आडवी धरली. समोरच्या उजेडात सगळंच गुळगुळीत दिसतं. आडव्या उजेडात पृष्ठभाग खरं बोलतो. नळीच्या बाजूला बारीक लाटा दिसल्या, पाण्यावर वारा आल्यासारख्या. म्हणजे हाताने पॉलिशच्या चाकावर धरून घासलेलं. मग अक्षरं बघितली. कारखान्यातून ठोकलेल्या अक्षराच्या कडा धारदार असतात, नख फिरवलं तर अडकतं. इथे नख घसरून गेलं. 'मेड इन इंडिया'तली अक्षरं बसकी झालेली, एका अक्षराची शेपटी तर गायबच. स्क्रूच्या भोकांच्या कडांना बशीसारखा उतार आलेला. पोलादाला कोपरे असतात, पॉलिशवाला ते खातो. आणि सगळ्यात शेवटी, त्या आरशासारख्या रंगाच्या तळाशी, नळीच्या डाव्या अंगाला सुईच्या टोकाएवढे खड्डे. गंज काढला, खड्डे राहिले, वरून रंग चढवला.

"नव्यासारखं करून घेतलंय मालकाने," दुकानदार म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं तो सांगत होता.

माझ्या हिशोबात पुन्हा रंग चढवलेल्या हत्याराची किंमत वाढत नाही, उतरते. रंगाला पैसे पडले हे खरं. पण त्या पैशाने माझ्यापासून पुरावा लपवला गेला, त्याचे मी का द्यायचे? उडालेला रंग म्हणजे निदान कुठे घासलं गेलं त्याची नोंद तरी असते.

मग फिलर लावला. सिलिंडरचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांच्यामध्ये एक फट असते. ती असावीच लागते, नाहीतर चार गोळ्यांच्या काजळीने सिलिंडर जाम होईल. साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असली तर बरी. जास्त झाली की गॅस आणि शिशाचे कण बाजूने उडतात, गोळीचा जोरही कमी होतो. पण नुसती फट मोजून भागत नाही. सिलिंडर बोटाने मागे ढकलून मोजायची, मग पुढे ढकलून मोजायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे होणारा खेळ. मागे ढकलून ०.३५ चं पातं आरामात गेलं. पुढे ढकलून ०.२० चं. म्हणजे ०.१५ चा खेळ. आमच्या टूलरूममध्ये एवढ्या खेळाचं फिक्स्चर (यंत्रावर काम पकडून ठेवणारा साचा) मी परत पाठवलं असतं, आणि त्यात तर स्फोट होत नव्हता.

पुढची चाचणी कानाने आणि अंगठ्याने करायची. दुकानदाराला विचारून घोडा अगदी सावकाश चढवला, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून. घोडा पूर्ण चढेपर्यंत घर नळीसमोर येऊन पक्कं बसलं पाहिजे. सहापैकी चार बसली. दोन घरांना केसभर कमी पडलं. मी बोटाने ढकलल्यावर 'टक्' झालं आणि बसली. सिलिंडर फिरवणारा पंजा झिजला की हे होतं. अशा घरातून सुटलेली गोळी नळीत सरळ शिरत नाही, तोंडाच्या कडेला शिसं खरवडून शिरते. घाईघाईत चाप ओढला तर सिलिंडर वेगाने फिरून जागेवर जातोही, म्हणून मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही. सावकाश केल्यावर कळतं. शेवटी घोडा चढवलेला असताना त्याला मागून अंगठ्याने हलका दाब दिला, दुसऱ्या अंगठ्याने पुढून आधार धरून. तो सुटला नाही. एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूने.

मेहुणा कानाशी कुजबुजला, "पण दाजी, दिसायला कसलं भारी आहे."

"भारी आहे. शोकेसमध्ये ठेव."

मधल्या वेळात दुकानदाराने मोबाईलवर एक फोटो दाखवला. कुणा ओळखीच्याचं अमेरिकन स्मिथ अँड वेसन, ज्याला जे-फ्रेम म्हणतात त्या लहान साच्यातलं. ही कंपनी १९५० पासून हा साचा बनवते. अडतीस बोरमध्ये त्यात पाच गोळ्या बसतात, बत्तीसमध्ये सहा. सिलिंडर बाजूला उघडतो. किंमत लाखांत होती, आणि एका लाखात नव्हती. मेहुण्याने आवंढा गिळला. ही किंमत पोलादाची नसते. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करणं बंद झालं, त्यामुळे मुख्यतः जेवढी त्याआधी आली तेवढीच देशात फिरतायत. बंद दाराची किंमत आहे ती. आणि अशा बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्वरची एक वेगळी खोड तपासावी लागते: मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करायची सिनेमातली स्टाइल कुणी केली असेल, तर ज्या दांड्यावर सिलिंडर बाहेर येतो तो वाकतो. मग फट एका बाजूला कमी, दुसरीकडे जास्त. फोटोवरून ते कळत नाही, म्हणून मी त्यावर काही बोललो नाही.

आता कानपूरनेही तसं बाजूला उघडणारं काढलंय, 'प्रबळ' नावाचं, ऑगस्ट २०२३ मध्ये. त्याआधी २०१४ मध्ये 'निर्भीक' आलं होतं, साधारण अर्धा किलो वजनाचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं. तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. मेहुण्याला आधी तेच हवं होतं, हलकं म्हणून. हलकं म्हणजे हाताला धक्का जास्त. पण बत्तीस बोरचं काडतूस मुळातच सौम्य आहे, १८९६ चं डिझाइन, शंभर ग्रेनच्या, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमच्या आतली शिशाची गोळी. पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारातले नेमबाज आजही हेच काडतूस वापरतात, कारण ते शांत आहे. नाशकात नेमबाजी म्हटलं की इथले क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सर यांची आठवण निघतेच. आमचा मुलगा शाळेत असताना मला त्याला रेंजवर पाठवायचं होतं, बायकोने बुद्धिबळाला पाठवलं. असो.

मग ते मळकट हातात घेतलं.

त्याचे मालक दुकानातच बसले होते. ऐंशीच्या पुढचे, मफलर गुंडाळलेले, कॉलेज रोडला राहणारे निवृत्त गृहस्थ. मुलगा परदेशात, त्याला ह्यात रस नाही, आणि परवान्याचं नूतनीकरण करायला जिने चढवत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनाऐवजी पाच वर्षांची झाली, त्यावर ते म्हणाले, "पाच वर्षांचा भरवसा सरकारला आहे, मला नाही." २००१ साली नवं घेतलेलं. मूळ बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणलेलं होतं.

"किती गोळ्या झाडल्या असतील काका?"

"घेतलं त्या वर्षी सहा. मग हिने सांगितलं, पुरे."

माझा त्यांच्यावर लगेच विश्वास बसला. आपल्याकडे परवान्यावर काडतुसं मोजून मिळतात, महाग असतात, आणि झाडायची कुठे हाही प्रश्न असतोच. म्हणून 'किती गोळ्या झाडल्या' हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. आपल्याकडची रिव्हॉल्वरं गोळ्यांनी मरत नाहीत. ती कपाटात मरतात. चामड्याच्या पाकिटात घालून कुलूपबंद, वर नाशिकचा जुलै-ऑगस्ट. चामडं ओल पितं आणि ती ओल पोलादाला पाजत राहतं. हत्यार कुठे ठेवायचात हे विचारावं. आणि पाकीट बघायला मागावं.

पाकीट होतं. आतून अस्तर काळं पडलेलं, पण कोरडं.

नळीपासून सुरुवात केली. रिव्हॉल्वर मोडून उघडं केलं, मागच्या टोकाला पांढरा कागद धरला, त्यावर टॉर्च मारली आणि पुढून बघितलं. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, स्वच्छ, धारदार, मळाचा पातळ थर. मी खास शोधत होतो ते अंगठीसारखं काळं वर्तुळ: आधीची गोळी नळीत अडकलेली असताना मागून दुसरी झाडली की नळी आतून तेवढ्यात फुगते आणि तशी सावली दिसते. नव्हतं. फट मोजली: ०.२० चं पातं किंचित ओढ देऊन गेलं, ०.२५ चं शिरलंच नाही. सिलिंडर मागे-पुढे करून फरक जवळपास शून्य. सहाच्या सहा घरांना तेच माप.

ह्या वळणाच्या रिव्हॉल्वरमध्ये खरा दुखरा भाग म्हणजे बिजागरी आणि वरचा खटका. दोघांवर सगळी भिस्त, कारण नळी आणि मूठ हे दोन वेगळे तुकडे आहेत. एका हातात मूठ, एका हातात नळी धरून दोन्हीकडे हलकंच पिळून बघायचं. दाराची बिजागरी सैल झाली की हाताला कळतं, तसं कळतं. चकचकीतला तिथे 'कट्' लागत होतं. ह्याला काही नाही. सायकलच्या नव्या हँडलसारखं घट्ट.

तरीही हे पंच्याहत्तरला सुद्धा तीन महिने पडून होतं. का, ते चाप ओढल्यावर कळलं. चाप मागे यायला जड, आणि सोडल्यावर परत यायला आळशी. मध्येच थांबे, मग उसासा टाकल्यासारखा पुढे सरके. घोडासुद्धा पडताना मारल्यासारखा नाही, टेकल्यासारखा पडे.

"दोघंतिघं बघून गेले," दुकानदार म्हणाला. "स्प्रिंग गेलीय म्हणाले. एकाने पंचेचाळीसला मागितलं."

स्प्रिंग गेलेली असती तर खरंच पंचेचाळीसच. सुटा भाग मिळवा, ज्याच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे असा कारागीर शोधा, ते वेगळंच प्रकरण. पण मला ते पटेना. सहा गोळ्या झाडलेल्या हत्याराची स्प्रिंग कशाने जाईल? आणि स्प्रिंग गेली की चाप हलका होतो, हा तर जड होता. मी दुकानदाराला म्हटलं, मुठीच्या फळ्या काढा. एक स्क्रू असतो. त्याची खाच कोरी होती, म्हणजे आत आजवर कुणी हात घातला नव्हता. हीसुद्धा किमतीतली गोष्ट आहे, चावलेल्या खाचांचा स्क्रू दिसला की समजायचं कुणीतरी हौशी माणूस आत फिरून आलाय.

फळी निघाली आणि वास आला. ओळखीचा वास, पण बंदुकीच्या दुकानातला नव्हे. मी बोट लावलं. पिवळसर, मेणासारखं, दाणेदार काहीतरी. बोटांत चोळलं तर विरघळून तेल झालं.

"काका, ह्याला तेल कुठलं लावायचात?"

"खोबरेल. दर दसऱ्याला. शस्त्रपूजेला ही वाटीत काढून द्यायची, मी दोन-दोन थेंब सगळीकडे सोडायचो. शुद्ध, घाण्यावरचं."

बावीस-तेवीस दसऱ्यांचं खोबरेल आत साठलं होतं. जुनं झालेलं चिकट डिंकासारखं, आणि वरचं ताजं जानेवारीच्या थंडीत गोठलेलं, आपल्या सगळ्यांच्या न्हाणीघरातली बाटली गोठते तसं. स्प्रिंग बिचारी शाबूत होती. ती तुपात रुतली होती. मी सिद्ध करायला म्हणून फक्त एवढंच केलं: दुकानदाराला ते दारातल्या उन्हात दहा मिनिटं स्वतःसमोर धरायला सांगितलं. परत चाप ओढला. निम्मा जडपणा गेला होता.

टूलरूममध्ये नवीन आलेल्या पोरांना मी एवढंच शिकवायचो, मळ वेगळा आणि झीज वेगळी. मळ धुता येतो. झीज धुता येत नाही, फक्त झाकता येते. काउंटरवर दोन नग शेजारी ठेवले होते: एकाची झीज पंच्याण्णव हजारांना झाकली होती, दुसऱ्याचा मळ पंचेचाळीसला मागितला जात होता.

फळीखाली मुठीच्या सांगाड्यावर तांबूस गंजाचा एक पट्टा होता, घाम मुरतो तिथे नेहमी असतो. तेलाच्या फडक्याने बहुतेक निघाला, एका जागी नखाएवढे बारीक खड्डे उरले. बाहेरून दिसत नाहीत, ताकदीला बाधा नाही. पण मी ते मेहुण्याला आणि काकांना दोघांनाही दाखवले.

आणि इथे माझं आणि मेहुण्याचं वाजलं. तो मला बाहेर घेऊन गेला. रस्त्यावर उभं राहून म्हणाला, "दाजी, तुम्ही त्यांच्यासमोर खोबरेल कशाला काढलं? स्प्रिंग म्हणाले होते ना लोक. पन्नासमध्ये दिलं असतं म्हाताऱ्याने."

"दिलं असतं."

"मग?"

मग काय सांगणार? मी बारा वर्षं माल पास आणि नापास करत होतो. नापास माल पास केला नाही, आणि पास माल नापास म्हणूनही कधी शिक्का मारला नाही; दुसऱ्या प्रकारचे शिक्के मारून पैसे खाणारे मी बघितलेत. म्हटलं, "तुझी द्राक्षं व्यापारी असाच घेतो ना? चांगल्या मालाला डाग आहे म्हणून?" तो गप्प झाला. खरं सांगायचं तर हे वाक्य त्याला लागावं म्हणूनच बोललो होतो.

पुन्हा आत जाऊन आकडा ठरवला. माझी पद्धत अशी की २००१ ला किती पडलं हे विचारायचं नाही, आणि आज नवं किती हेही एकटं धरायचं नाही. आज तशाच नव्याची किंमत घ्यायची, त्यातून न भरून निघणारं वजा करायचं, म्हणजे उडालेला रंग, खड्डे, तेवीस वर्षं. भरून निघणाऱ्याचा फक्त खर्च वजा करायचा. परवानाधारक कारागिराकडून पूर्ण उघडून धुऊन घ्यायचे दोन-तीन हजार. अडुसष्ट हजारांवर दोघांनी मान डोलावली. काका म्हणाले, "पाकीट फुकट." मी मेहुण्याला म्हटलं, पाकीट घे, पण रिव्हॉल्वर त्यात ठेवू नकोस.

कागद मी सगळ्यात शेवटी बघितले, खरंतर आधी बघायला हवे होते. सांगाड्यावरचा नंबर, नळीवरचा नंबर, काकांच्या परवान्यावरचा आणि बिलावरचा, चारही आकडा न् आकडा जुळले. मी वाचत होतो, दुकानदार टिक करत होता. नंबरावर कानसीची एक जरी रेघ दिसली असती तर फुकट दिलं तरी उठून आलो असतो, कारण शस्त्र कायद्यात नंबर खोडणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो कुणी केला हे सिद्ध करत बसायची पाळी ज्याच्या हातात सापडतं त्याच्यावर येते. परवान्यावरचा युनिक नंबरही दोघांचा तपासला. कागद नसलेल्या रिव्हॉल्वरची किंमत शून्य नसते, शून्याच्या खाली असते.

पैसे देऊन पिशवीत घालून आणायची ही वस्तू नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारकाने आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. काकांनी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पत्र दिलं. मेहुण्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडले, लेकीच्या लग्नाला खोडले नव्हते तसे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परवान्यावर नोंद झाली, कारागिराकडून धुऊन झालं, आणि रिव्हॉल्वर मळ्यात पोहोचलं.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली.

निवडणूक आली की परवानाधारकांना हत्यार जमा करायची नोटीस येते. मेहुण्याच्या कमरेला ते चार दिवस होतं, त्यातले दोन दिवस पाऊस येतो की काय म्हणून तो बागेतून बाहेरच आला नाही, म्हणजे गावाने बघितलंच नाही. पोलीस ठाण्यात जमा. आमच्याकडचं मतदान २० मेला, निकाल ४ जूनला. परत मिळालं तेव्हा जून संपत आला होता आणि पाऊस सुरू झाला होता. त्याने थेट मलाच बोलावलं.

चापाच्या कडीला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा तसाच होता, त्यावर निळ्या शाईत नाव आणि अनुक्रमांक. डाव्या अंगाला एक नवा ओरखडा, ढिगात दुसऱ्याच्या बंदुकीला घासलं असणार. सुतळीखाली ओल धरून गंजाची बारीक रेघ आली होती, अगदी सुतळीच्या पिळासकट उमटलेली. फडक्याने निघाली. मी फिलर काढला. ०.२० गेलं, ०.२५ नाही. मेहुणा म्हणाला, "आता कितीला जाईल?" मी म्हटलं, ओरखड्याचे हजार वजा कर. त्याला ते मनाला लागलं असावं, त्याने तो ओरखडा अंगठ्याने दोनदा पुसून बघितला.

ऑक्टोबरच्या १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन. "दाजी, परत जमा."

दिवाळीत कॉलेज रोडच्या काकांचा फोन आला. फराळाला या म्हणाले, तब्येतीची चौकशी झाली, मुलगा येऊन गेल्याचं सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, "चाप परत येतो का हो आता नीट?"

"एकदम नीट येतो काका."

"आणि दसऱ्याला काय लावलंत?"

"मशीनचं तेल. एक थेंब."

"हं," ते म्हणाले. "हिला सांगत नाही मी."